काही नाही, बाई

मंगळवार, १७ जुलै २००७

प्रशिक्षणात रिअ‍ॅलिटी थेरपी शिकवली. रागवायचं नाही, शांतपणे विचारायचं: तू काय करतेयस? त्याचा उपयोग होतोय का?

काल तासाला बडबडणाऱ्या स्नेहलला विचारलं. "काही नाही, बाई." उपयोग? "नाही, बाई." पुन्हा बोलणार नाही, असं तिनं वहीत लिहून दिलं. मराठीत 'काय करतेयस' म्हणजे रागावणंच. मला कळू नये?

आज तिच्या शेजारच्या रुबीची वही कोरी. मुलगी नवीन, मराठी येत नाही. "लिखा क्यों नहीं?"

"टीचर, स्नेहल हिंदी में समझाती थी. अब मुँह पे पट्टी लगाके बैठती है."

वर्ग हसला. स्नेहल हसली नाही. गप्प बसल्याबद्दल सकाळीच मी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती.