पलीकडचा

मंगळवार, दुपार

चि. सौ. ठकीस,
आईबाबांचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज लिहायला बसायचो आणि काहीतरी निघायचं. कधी चष्मा सापडत नाही, कधी पेन उठत नाही, कधी गिऱ्हाईक येतं. आई म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. माझी तब्येत बरी आहे. आईचे गुडघे पूर्वीसारखेच, म्हणजे वाईट. धंदा बसला आहे. अध्यक्षांचा खून झाल्यापासून चौकात माणूस थांबत नाही, मग छत्रीची काडी बसवून घ्यायला कोण थांबणार?

मुलं कशी आहेत? धाकटीचा खोकला गेला का? जावईबापूंना नमस्कार सांग. विहीणबाईंना सांग की सरकारं भांडली तरी आमच्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही. तुम्ही नदीपारची माणसं आमच्याबद्दल काय बोलता, देव जाणे.

टपाल बंद झालं आहे. हे पत्र सुईणबाईंच्या हाती देतो आहे. पुलावरून आता एकट्या त्यांनाच सोडतात. बाळंतपण काही दोन सरकारांच्या हुकमाने थांबत नाही. पण त्यांचाही परवाना उद्या संध्याकाळी संपतो. तेव्हा कामाचं आधी लिहितो. ठके, ते पुलाजवळचं घर सोड. मुलांना घे आणि जावईबापूंच्या मावशीकडे वर डोंगरात जा. भांडी, कपाट, शिलाई मशीन काही बघू नकोस. विहीणबाई घर सोडायला तयार नसतील, तर त्यांना उचलून ने.

का म्हणून विचारशील. सांगतो.

दादाची बस सरकारने घेतली, आणि मागोमाग बसचा ड्रायव्हरही घेतला. त्याला पुलाच्या आमच्या टोकाला ठेवलं आहे. परवा तासाभरासाठी घरी आला होता. वर्दी इतकी ढगळ की आत अजून एक दादा मावेल. जेवायला बसला, पण घास फिरत होता तोंडात. मग म्हणाला, "बाबा, ठकीला म्हणावं तिथून हल. का ते मला विचारू नका."

आईने विचारलंच. "बहिणीच्या घरावर तोफ लावणार आहेस का रे?"

"तोफेचं तोंड मी फिरवत नाही, आई. मी फक्त गोळे उतरवून घेतो."

"मग उतरवू नकोस!"

"मी नाही उतरवले तर दुसरा उतरवेल. आणि मला भिंतीशी उभा करतील." ताट तसंच ठेवून गेला. आई तेव्हापासून त्याच्या ताटाशी बोलते, माझ्याशी नाही.

मला वाटायचं, खून झाला, खुनी मेला, आता सुतक पाळतील आणि विषय संपेल. समोरचा न्हावी म्हणाला, "काका, गल्लीतलं भांडण बघितलं नाही का? सांडपाणी दोन घरांचं, पण एक हाक मारतो मेव्हण्याला, दुसरा साडूला. मग मेव्हण्याचे भाऊ येतात, साडूचे मित्र येतात, आणि सांडपाणी कुणाचं होतं ते कुणाच्या लक्षात राहत नाही." अगदी तसंच झालं. आमच्या सरकारने तुमच्या सरकारला अटींचा कागद पाठवला. कटवाले आमच्या हवाली करा, आमचे पोलीस तुमच्याकडे येऊन झडती घेतील, नाही म्हणाल तर बघा. तुमचे म्हणाले, खुनी आमचा नव्हताच. मग त्यांच्या मागे त्यांचा मोठा दोस्त उभा राहिला, आमच्या मागे आमचा. आता सगळ्यांनी बाह्या सरसावल्या आहेत, आणि आधी खाली हात कोण घेणार?

तुमचे खरं बोलत होते, ठके. तो तुमचा नव्हता.

तू मागच्या पत्रात लिहिलंस, "बाबा, तुमच्या गावच्या कुठल्या म्हाताऱ्याने म्हणे सांगितलं की खुनी आमच्या देशातला. इथे दारादारांत त्याला शिव्या घालतात. मीही घातल्या. जीभ झडो त्याची." ते पत्र वाचल्यापासून माझा हात चालेना. चष्मा कधी हरवलाच नव्हता. तो म्हातारा मी आहे.

त्या दिवशी अध्यक्ष नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला आले होते. तो पोरगा माझ्या दुकानाच्या फळीला टेकून उभा होता. मी त्याला ओळखत होतो. छत्री दुरुस्तीला आणायचा, घासाघीस न करता जायचा. मी म्हटलं, "आज ऊन आहे बाबा, आज कशाला आलास?" तर हसला. मग गाडी आली, आणि आवाज झाले. मला वाटलं, टायर फुटला. शिपायांनी त्याला तिथल्या तिथे मारला. खिशात एक चिठोरंसुद्धा नव्हतं.

राजधानीतून साहेब आले. मला विचारलं, "ओळखत होतात? कुठला तो?" मी म्हटलं, "पलीकडचा."

आता तूच सांग, आपल्या गावात पलीकडचा म्हणजे कुठला? कालव्याच्या पलीकडचा, गिरणीच्या चाळीतला! लहानपणी तू तिकडे खेळायला गेलीस की आई ओरडायची, "पलीकडे गेलीस तर तंगडी मोडीन." तुझ्या सासरला आपण कधी पलीकडे म्हटलं का? नदीपार म्हणतो. पण साहेब गावचे नव्हते. त्यांनी मान डोलावली, लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर सांगितलं, खुनी सरहद्दीपलीकडून आला होता. जबाब घेताना आपला हवालदार शेजारीच उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. नंतर मला म्हणाला, "वरच्याची चूक खालच्याने काढायची नसते, काका."

मी गेलो होतो गं सांगायला. आई म्हणाली, "तोंड आहे ना, मग जा आणि उलगडून सांग." स्वच्छ सदरा घालून गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहासुद्धा दिला. मग म्हणाले, "आजोबा, तुमची मुलगी नदीपार दिली आहे ना? पुलाजवळच घर आहे तिचं? आणि मुलगा आपल्या सैन्यात. म्हणजे तुमचं मन नक्की कुठे आहे, असा प्रश्न कुणालाही पडेल." त्यांनी नवा जबाब पुढे सरकवला. त्यात 'पलीकडचा' नव्हतं. सरळ 'शत्रुदेशाचा नागरिक' असं होतं. मला चौथीपर्यंतचंच येतं, पण तेवढं वाचता आलं.

पहिल्यांदा शब्द चुकला, त्याला मी काय करणार? पण दुसऱ्यांदा मी वाचून सही केली. दादाला काही करतील म्हणून केली, तुझं घर त्यांना माहीत होतं म्हणून केली, आणि खरं सांगायचं तर मला मारतील म्हणूनही केली. घरी येऊन आईला म्हटलं, साहेब भेटलेच नाहीत. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चहा प्यायलास कुठे मग? मिशीला साय आहे." आज सकाळी म्हणाली, "पोरीला तू लिहितोस की मी सुईणबाईंच्या तोंडी निरोप देऊ? मग अख्ख्या गावाला कळेल."

म्हणून लिहिलं. ठके, मला रागाव, शिव्या घाल, पण आधी घरातून बाहेर पड. हे पत्र खोटं वाटलं तर सुईणबाईंना विचार, त्यांनी पुलावर काय काय रचून ठेवलेलं पाहिलं ते. शेजारपाजारच्यांनाही सांग. माझं नाव सांगायला लागलं तर सांग.

सुईणबाई उद्या संध्याकाळी परत येतात. त्यांच्या हाती उत्तर दे. नुसतं "निघालो" एवढं लिहिलंस तरी पुरे. माझ्या नावाने लिहावंसं वाटलं नाही, तर आईच्या नावाने लिही. तिला वाचता येत नाही, वाचून मलाच दाखवावं लागेल. त्यात माझ्याबद्दल जे असेल तेही मोठ्याने वाचीन, एक अक्षर गाळणार नाही. पण लवकर कळव गं.

पुलाकडे कान लावून बसलेला,
तुझा बाप