माझा ठोका, दोनशे छप्पन्न भागांत

२ एप्रिल १९९८, गुरुवार, सकाळी ६.१०
आलेखाच्या कागदावर स्वतःच्या हृदयाचा ठोका चौकोन मोजून उतरवत आहे.
कारण गंभीर. आमच्या दुकानात दुरुस्तीला ईसीजी मशिने येतात. मशिन नीट झाले का, हे बघायला दर वेळी कोणाला तरी शर्ट काढून टेबलावर झोपावे लागते. बहुधा मीच. धनराजशेठ म्हणाले, एक जूनपासून एकच जण परमनंट, तू नाहीतर हर्षल. हर्षलचा डिप्लोमा झाला आहे. माझा तात्पुरता सुटला आहे, १९९५ पासून.
संकल्प : खोटे हृदय बनवणे.

५ एप्रिल, रविवार
तत्त्व सोपे आहे. ठोक्याचे आडवे २५६ भाग. प्रत्येक भागाची उंची म्हणजे एक आकडा. आकडे मेमरीच्या चिपमध्ये भरायचे. एक सर्किट ते ओळीने बाहेर काढते, दुसरे प्रत्येक आकड्याचे व्होल्टेज करते. शेवटचा संपला की पुन्हा पहिला. म्हणजे ठोका अमर.
आईला समजावले. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावून ये.

१२ एप्रिल
कॉलेज रोडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चिप भरून घेतली. चाळीस रुपये! कागदावर ठोका आला, पण पायऱ्यापायऱ्यांचा. हर्षल म्हणाला, पेशंट वणीचा गड चढतोय वाटतं. एक कपॅसिटर लावून पायऱ्या गुळगुळीत केल्या.

१५ एप्रिल
प्रत्येक ठोक्याआधी एक उभी रेघ. शेठ म्हणाले, ह्याला पेसमेकर कधी बसवला रे? शेवटचा आकडा ९६ आणि पहिला १२८, त्यामुळे पुन्हा सुरू होताना उडी बसते. हे मला माहीत होते. फक्त लक्षात नव्हते. नवी चिप. पुन्हा चाळीस.

२० एप्रिल
यश! शेठनी चहा मागवला. एकच, स्वतःला. कळवणचे डॉक्टर ९ मे रोजी त्यांचे मशिन न्यायला येणार. त्यांनी मान डोलावली तर तू परमनंट, असे शेठ सर्वांसमोर म्हणाले.
चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी आहे, आत सोनेरी चकाकते. हर्षल म्हणाला, त्यावर चिकटपट्टी लाव बाबा, ऊन लागलं तर आतलं पुसून जाईल. असूया. हा मनुष्य 'ह्रदय' असे लिहितो. शिवाय चिप भरण्याला 'बर्न' करणे म्हणतात. भाजलेल्या मडक्याचा पुन्हा चिखल होतो का?

२३ एप्रिल
दुकानात अंधार, कोणाला काही दिसत नाही. म्हणून खोट्या हृदयाचे खोके झाकण काढून बाहेर स्टुलावर ठेवतो, सायकलच्या साखळीने बांधून. दोनपर्यंत उत्तम ऊन. लोक वाकून बघतात. हर्षलने गुपचूप चिकटपट्टी लावली होती. काढून टाकली.

२ मे
भयंकर ऊन. रसवाल्याने विचारले, पापड वाळत घातले का भाऊ? सेल वाचावा म्हणून चालू करून बघत नाही. विश्वास आहे.

९ मे, शनिवार, दुपारी ३
डॉक्टर आले. खोके जोडले. कागद सरकू लागला. सरळ रेघ. डॉक्टरांनी वायरी हलवल्या. सरळ रेघ. त्यांनी विचारले, कोणाचं हृदय हे? मी म्हणालो, माझं. ते म्हणाले, अरेरे, कधी गेलात?
शेठ हसले नाहीत.
पुसलेल्या चिपमधून सगळे आकडे एकसारखे येतात. एकसारख्या आकड्यांची रेघ सरळच येणार. तत्त्व सोपे आहे.
मग शेठ म्हणाले, काढ शर्ट. झोपलो. डॉक्टर म्हणाले, जरा जोरात पळतंय, पण मशिन उत्तम. आणि मान डोलावली. शेठ म्हणाले, बघ, ह्या कामाला तूच बरा. रोजंदारीवर राहा. परमनंट हर्षल.

खर्च : चिपा दोन १३०, भरणावळ ८०, बाकी सामान २१५, साखळी ३५. एकूण ४६०.
देणे : हर्षलचे उसने २००. चिकटपट्टीचे त्याने मागितले नाहीत.