वहुशला घरी पाठवतोय

एकबतानाला माझ्या आईस मिथ्रबादचा वाकून नमस्कार. अहुर मज्द तुला सुखात ठेवो.

मी खुशाल आहे. ग्रीकांनी आपली जहाजं बुडवली, हे कानावर आलंच असेल. पण मी पडलो घोडेस्वारांचा सरदार, माझे पाय कोरडेच राहिले. बादशहा परत निघालेत. आम्हाला मात्र इथेच हिवाळा काढून वसंतात पुन्हा लढायचंय.

जखमींच्या तुकडीबरोबर धाकट्याला, वहुशला धाडतोय. घाबरू नकोस, खांद्यातला बाण निघालाय, जखम भरतेय. पण स्वारी निघायला तयारच नव्हती.

"दादा, लढाईत तुझ्या डाव्या अंगाला कोण राहणार?" म्हणाला.

"हा दादा विचारत नाहीये, सरदार हुकूम देतोय," मी म्हटलं.

तेव्हापासून धुसफुसतोय. आत्ता बाहेर घोड्यावर झूल आवळतोय आणि सगळा राग त्या मुक्या जनावरावर काढतोय.

तुझा गुडघा कसा आहे? यंदा डाळिंबं धरली का?

त्याला आधी पोटभर जेवू घाल, मग काय ते विचार. बरा झाला की तो इकडे यायला निघेल. तेव्हा रड, रुस, आजारी पड, पण त्याला सोडू नकोस. तुझ्याजवळ एक तरी मुलगा हवा, आई.

तुझा थोरला,
मिथ्रबाद