बेचाळिसावा नग

ता. ९ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अक्काचे आशीर्वाद.

तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते. मीही खुशाल आहे. म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. अकरा वर्षांनी पत्र पाठवायचं आणि पहिल्याच ओळीत रडगाणं लावायचं, बरं दिसत नाही.

पाकिटावरचा पत्ता बघून दचकली असशील. मी घर बदललं. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे तर तुला माहीतच आहेत. नव्हे, तुला कुठून माहीत असणार! ते तू गेल्यानंतर बिघडले. रिटायर झाल्यावर शाळेच्या ऑफिसातला एकही माणूस तीन जिने चढून भेटायला आला नाही, तेव्हा म्हटलं, आता आपणच खाली उतरावं. इथे दुसऱ्या गावी तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. खिडकीतून सायकलींचं स्टँड दिसतं. घर वाईट नाही.

वाईट निघाली ती सामान हलवणारी कंपनी. बुकिंगला जो माणूस आला तो इतका गोड, की त्याच्या बुटांना मुंग्या लागाव्यात. "मावशी, काळजीच सोडा. तुमचं सामान म्हणजे माझ्या आईचं सामान." आईच्या सामानाचं हा काय करत असेल, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

पण मीही काही दुधखुळी नाही. छत्तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली, त्यातली शेवटची दहा हेडक्लार्क म्हणून. त्यांच्या छापील कागदावर "घरगुती सामान, किरकोळ" असं लिहिलं होतं. मी तो परत केला आणि माझी यादी केली, रेघा मारून: नग क्रमांक, वस्तू, स्थिती, मालकाचं नाव. एक्केचाळीस नग. प्रत्येक पानावर त्याची सही, माझी सही. त्याने सही करताना हसू दाबलं ते मी पाहिलं. म्हटलं, हस बाबा.

सामान दोन दिवसांत येणार होतं. चौथ्या दिवशी फोन आला. आता मी मावशी नव्हते, मॅडम होते. "मॅडम, वजन जास्त भरलंय. ठरल्याच्या दुप्पट द्यावे लागतील. नाहीतर ट्रक गोडाऊनला लागेल, आणि गोडाऊनचं भाडं रोजचं वेगळं." मी म्हटलं, लेखी दे. त्याने फोन ठेवला. सहाव्या दिवसापासून मी "ओ बाई" झाले.

एकोणीस दिवस मी रिकाम्या खोलीत काढले, बारके. शेजारी एक नर्स राहते, तिने गादी दिली, एक पातेलं दिलं, एक कप दिला. माझ्या वयाला उसन्या कपातून चहा पिताना काय वाटतं ते तुला सांगत नाही. पोलिस चौकीत गेले तर हवालदाराने कानावर हात ठेवले. म्हणे, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. मग मी कोर्टात न जाता कंपनीच्या ऑफिसात गेले. रोज सकाळी दहाला पायरीवर हजर. गिऱ्हाईक आलं की मी शांतपणे आपली फाइल उघडून दाखवायची. "या, बसा, यांनी माझं काय केलं ते वाचून घ्या आणि मग बुकिंग करा." सात गिऱ्हाइकं उठवली. गल्ल्यावर बसणारा माझ्यावर ओरडला, की मी त्यांच्या पोटावर पाय देते आहे. चोराच्या उलट्या बोंबा!

विसाव्या दिवशी ट्रक आला. कपाटाचा आरसा फुटलेला, एका स्टुलाला तीन पाय, गादीला ओल. पण एक्केचाळीस नग. मी दारात उभी राहून एकेकावर खूण केली.

आता मुद्द्यावर येते. बाबांनी आणलेलं विणकामाचं मशीन आलं नाही. ते निघताना सगळ्यात शेवटी बांधलं आणि गडबडीत यादीत लिहायचं राहून गेलं. गल्ल्यावरचा म्हणतो, "यादी तुमची, अक्षर तुमचं, सही तुमची. यादीत नाही ती वस्तू तुमची कशावरून?" मशीन त्यांच्या गोडाऊनात आहे, मी दारातून डोळ्यांनी पाहिलं. ३० तारखेपर्यंत मालकीचा पुरावा आला नाही तर भंगारात घालू म्हणतात.

तर एवढंच कर. दोन ओळी लिहून पाठव: "हे विणकामाचं मशीन माझ्या थोरल्या बहिणीच्या मालकीचं आहे. त्यावर माझा हक्क नाही." खाली पूर्ण नाव, सही, तारीख. घरातल्या दुसऱ्या माणसाचं असं लेखी चालेल असं तो म्हणाला आहे.

तुझं-माझं जे झालं ते आपल्या दोघींत. बाबांची वस्तू त्या लुच्च्यांनी भंगारात घालावी, हे काही तुलाही आवडणार नाही.

तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे.

तुझी,
अक्का


ता. १९ नोव्हेंबर

चि. बारकीस,
आशीर्वाद. घेशील न घेशील.

तुझं कार्ड मिळालं. चार शब्द. "पावती दाखव, मग बघू." पाकीट मी दिलेलं होतं तरी उघडं कार्ड पाठवलंस, म्हणजे पोस्टमननेही वाचलं. बरं केलंस.

हे चार शब्द माझेच आहेत, हे ओळखायला मला चष्मा लागला नाही. बाबा गेल्यावर तू मशीन मागितलंस तेव्हा मी हेच लिहिलं होतं. पुन्हा मागितलंस तेव्हाही हेच. तिसऱ्यांदा तर मी उत्तरच दिलं नाही.

आता जे सांगते ते एका दमात सांगते, नाहीतर राहील. पावती माझ्याकडे होती. बाबांच्या पेन्शनच्या कागदांमागे, तपकिरी फाइलमध्ये. तुझं पहिलं पत्र आलं त्या दुपारी मी तीच फाइल लावत बसले होते. पावती माझ्या मांडीवर होती. तिच्यावर तुझं नाव होतं, बाबांनी पूर्ण लिहायला लावलेलं, आडनावासकट. ती वाचून झाल्यावर मी पेन उचललं आणि तुला लिहिलं, पावती दाखव, मग बघू.

का, असं विचारशील. तू विचारणार नाहीस, मीच विचारते. तू सोळाव्या वर्षी नापास होऊन घरी बसलीस, तर तुला मशीन आलं. मी वर्गात पहिली आले होते, तर मला नोकरीचा अर्ज आणून दिला. आणि ते मशीन माझ्या पगारातून आलं, हे तुला कुणी सांगितलं नाही. दोन वर्षं साठवलेलं होतं. बाबा म्हणाले, "हिच्या बोटांत कला आहे, तुझी काही हरकत नाही ना?" मी म्हटलं, नाही. पावतीवर पैसे कुणाचे ते लिहीत नाहीत, नाव लिहितात.

उपकार मोजून दाखवत नाही. हरकत नाही म्हटलं म्हणजे दिलं, एवढं मलाही कळतं. पण तू लग्न करून गेलीस, आणि बाबांच्या आजारपणाची चार वर्षं मी एकटीने काढली. तेव्हा ते पलंगावरून मला विचारायचे, "बारकीचं मशीन झाकलंय ना नीट? धूळ बसेल." पाठ माझी मोडत होती आणि त्यांना काळजी मशीनच्या धुळीची! मी जळले, बारके. अजूनही जळते. म्हणून ते ठेवून घेतलं. मला एक टाका येत नाही. अकरा वर्षं त्याच्यावर टेबलक्लॉथ घालून मी फुलदाणी ठेवली.

तू हाताने विणून दुकानांना स्वेटर देतेस, हे मला ठाऊक होतं. आमच्या शाळेचा शिपाई तुला दरवर्षी बाजारात बघायचा. तीन वर्षांपूर्वी म्हणाला, "तुमच्या बहिणीची बोटं आखडलीत, पैसे मोजताना दुसऱ्याकडून मोजून घेतात." मी म्हटलं, थंडीमुळे होतं तसं. आणि रजिस्टर पुढे ओढलं.

यादीतही ते गडबडीत राहिलं नव्हतं. बेचाळीस आकडा मी लिहिला होता. "विणकामाचं मशीन, एक, स्थिती चांगली" इथपर्यंत लिहिलं. पुढे मालकाचं नाव. छत्तीस वर्षांत मी रजिस्टरात खोटी नोंद केलेली नाही, हे मी जगाला सांगत फिरते. तिथे माझं नाव लिहायला हात चालेना, आणि तुझं लिहायची दानत नव्हती. मग ते पान फाडून एक्केचाळीसवर यादी बंद केली. खोटं लिहायला लाजले, ठेवून घ्यायला लाजले नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आणि तरी नऊ तारखेला तुझ्याकडूनच लिहून मागितलं, की माझं आहे म्हणून. काय म्हणावं मला!

तुझं कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पावती घेऊन कंपनीत गेले. गल्ल्यावरच्याने ती दोनदा वाचली.

"या कोण?"

"माझी बहीण."

"मग वस्तू यांची आहे. तुमच्याकडे कशी?"

मी पावती परत घ्यायला हात पुढे केला. तो हसला नाही, तेवढं हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आम्ही वीस दिवस ठेवलं तर तुम्ही आम्हाला चोर म्हणत होतात. तुम्ही किती दिवस ठेवलंत?"

तो बदमाश आहे, यात बदल नाही. त्याने माझा आरसा फोडला आणि गादी भिजवली, आणि उद्या आणखी कुणाच्या आईचं सामान अडवेल. त्या माणसाला माझ्यापुढे तोंड वर करून हे विचारता आलं. सात गिऱ्हाइकांसमोर बोलणारी मी, तिथून गुपचूप खाली मान घालून पायरी उतरले.

आता कामाचं. पावती ज्याच्या नावावर, त्याच्याच हातात मशीन देणार. माझी सही चालत नाही, चालायलाही नको. मूळ पावती या पाकिटात आहे, प्रत काढून ठेवलेली नाही. ओळखीचा कागद आण, आणि ३० तारखेच्या आत ये. गोडाऊन स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर आहे, पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. शेजारच्या नर्सचा भाऊ टेम्पो चालवतो, तो तुला आणि मशीनला तुझ्या दारापर्यंत सोडेल. माणूस सरळ आहे, त्याचं भाडं मी देऊन ठेवलं आहे. डावीकडची एक सुई वाकडी आहे, ती माझ्याकडून वाकली. फुलदाणी पडली होती.

माझ्या घरी यायची गरज नाही. गोडाऊन वेगळ्या दिशेला आहे, वाटेत मी लागत नाही. बोटांना आता ते मशीन जमणार नसेल तर विक, कुणाला दे, तुझी वस्तू आहे. पण ते त्यांच्याकडे सोडू नकोस, आणि माझ्याकडेही पाठवू नकोस. परत आलं तर मी पुन्हा ठेवून घेईन. मला मी माहीत आहे.

माफी मागत नाही. अकरा वर्षांची माफी मागायची तर तुझ्यासमोर उभं राहून मागायला हवी, आणि ते बोलावणं तुझ्याकडून यायला हवं.

यादीची कंपनीकडची प्रत आज मागून घेतली. तिच्यात शेवटी एक ओळ वाढवली आणि गल्ल्यावरच्याची सही घेतली. तीही सोबत जोडली आहे. गोडाऊनात दाखवायला ती लागेल; काय लिहिलं ते इथेही उतरवते:

नग क्रमांक ४२. विणकामाचं मशीन, एक. स्थिती: एक सुई वाकडी. मालकाचं नाव: तुझं, पूर्ण, बाबांनी लिहायला लावलं होतं तसं.

वरील नोंद खरी आहे.

अक्का