मामींच्या दोन बरण्या

जळगाव, गुरुवार

ती. चिंधानानांस,

भाचा योगेंद्र याचा साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती, मामींचे गुडघे आणि म्हैस, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. मी ठीक नाही, आणि त्याला कारण आपण आहात.

मी मागितलं काय होतं? तुमच्या मक्याचे कोवळे पोंगे खाणारी एक अळी. (एकच. तिचा नुसता पायसुद्धा पुरला असता.) तिच्या अंगातली जनुकीय अक्षरं मशीनवर वाचली, की ती आपल्याकडची जुनी की परदेशातून आलेली नवी, हे कळतं. नुसतं बघून आमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनाही खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तर तुम्ही दुकानदार देईल ते औषध मारत बसता आणि अळ्या बाळसं धरतात. तुमच्या शिरपूरकडचा नमुना सोमवारपर्यंत मिळाला नाही तर माझी नेमणूक वाढणार नाही, हेही मी फोनवर ओरडून सांगितलं होतं.

तुम्ही डबाभर जिवंत अळ्या कोवळ्या पानांसकट एसटीने धाडल्या. स्पिरिटमध्ये का बुडवल्या नाहीत विचारलं, तर म्हणालात, “इतला लांबना प्रवास, उपाशी कसं धाडू त्यास्ले?” नाना, तुमच्या दारातून कुणी उपाशी जात नाही हे बठ्ठ्या गावाला ठाऊक आहे. पण ही अळी पानं संपली की बहिणींना खाते. डबा उघडला तेव्हा आत एकच धष्टपुष्ट अळी होती, आणि ती साहेबांच्या बुटाखाली गेली. (बूट मागायचं धाडस मला झालं नाही.)

मग मी म्हटलं, अळ्या टिकतील असं काहीतरी करून पाठवा. मामींनी केलं. जे टिकवायचं त्याला मीठ, हळद, मोहरी आणि वर बोटभर तेल. त्याच पिशवीत माझ्यासाठी मिरचीचं लोणचं, तसल्याच बरणीत, तसलंच फडकं बांधून. मी वासावरून ठरवलं, एक बरणी प्रयोगशाळेत दिली आणि एक खोलीवर ठेवली.

मी रागावलेलो नाही, थकलो आहे. मामींना नमस्कार.

आपला,
योगेंद्र

ता. क. आत्ताच अहवाल आला. दिलेल्या नमुन्यात कीटक नाहीच, असं म्हणतात.

आणखी ता. क. खोलीवरची बरणी जवळजवळ संपली आहे. साहेबांनाही जेवणाच्या डब्यातून दिलं होतं, कुरकुरीत आहे म्हणून त्यांनी आणखी मागितलंय, आणि सोमवारी सही त्यांचीच आहे. तेव्हा खऱ्या लोणच्याची एक बरणी ताबडतोब धाडा, आणि मामींना म्हणावं, कुणाजवळ बोलू नका. तळाशी थोडं उरलंय, ते आजच नमुना म्हणून देतो. एक पायसुद्धा पुरतो.