लोखंडी कढईतला लाल रंग

अमरावती, पौष वद्य

प्रिय नत्थू,

व्याही झालो म्हणून तुला 'नत्थुजी' लिहायला बसलो, पण हात वळेना. एकाच रंगाच्या हंड्यात ढवळणी फिरवून शिकलेले आपण. तू तूच राहा.

इकडे कापसाच्या पैशानं गाव फुगलं आहे. काल ज्याला धड धोतर नव्हतं त्याला आज लाल पागोटं हवं. तुमच्या अकोल्यातही तेच, म्हणून तर तू तांब्याचा हंडा मोडीत काढून ती भलीथोरली लोखंडी कढई आणलीस. दिवाळीला तुझ्या ओट्यावर बसलो होतो, तेव्हा मागच्या अंगणातून ढवळणीचा आवाज आला. तांबं कसं घुमतं. हे खरडत होतं. विचारणार, तेवढ्यात आतून विहीणबाई बोलल्या, "हे पोरगी घरात आली अन् लाल रंगाले काळं लागलं. हातच काळा हाय तिचा!" माझे कान तिखट, तुला ठाऊक आहे. मी सुपारी चघळत राहिलो. आत माझ्या जमुनाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, तेही ऐकलं.

घरी येऊन लोखंडी भांड्यात रंग करून पाहिला. आलीच्या झाडाच्या मुळ्यांचा लाल रंग कापडावर एकटा टिकत नाही. पाण्यात तुरटी त्याचा हात धरते, तेव्हा लाल चढतो. पण लोखंडही पाण्यात उतरतं, नत्थू! डोळ्याला दिसत नाही इतकंच. ते मधे घुसतं, रंगाला तुरटीपासून ओढून घेतं आणि असं धरून बसतं की धुऊन धुऊन सुटत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. कढईत रात्रभर राहिलेलं पाणी एका वाटीत घे, विहिरीचं ताजं दुसरीत, आणि दोन्हींत हिरड्याची पूड टाक. कढईचं पाणी काळं होईल. हिरडा आणि लोखंडाचा हिराकस कालवून आपण शाई करतो ना, तीच गोष्ट. आपलं कापड तर आधी हिरड्यातूनच काढतो, मग त्या कढईत दुसरं काय होणार?

जमुना आणि कढई एकाच महिन्यात तुझ्या घरी आल्या. तू एकीलाच बोल लावलास.

तुझ्या देवीदासासाठी दुसरी बायको म्हणून पातूरची मुलगी पाहिलीत, हे बाजारात कानावर आलं. मी भांडणार नाही. माझा तांब्याचा हंडा गाडीत घातला आहे, उद्या निघतो. कापड तुझं, तुरटी तुझी, हात जमुनाचा. पाहायला सगळी गल्ली बोलाव. कापडावर काळं आलं तर पोर मुकाट घेऊन जाईन. येणार नाही.

येतोच आहे तर पत्र कशाला, म्हणशील. टपाल माझ्या बैलांच्या आधी पोचेल. तुझ्याकडं पत्र देवीदास ओट्यावर मोठ्यानं वाचतो, आणि जमुनाला अक्षर येत नसलं तरी ती दाराआड उभी असते. मी पोचेपर्यंतसुद्धा तिनं आपल्या हातांकडं तसं बघू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं. देवीदासा, आता सावकाश वाच, बाबा: पोरी, तुझ्या हातात काही खोट नाही.

तुझाच,
पुंजाराम