जिन्याखालच्या पाच बाटल्या

शारजा,
१४ डिसेंबर २०२५

चि. मृणालिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

हात सवयीने ‘चि. सौ.’ लिहून गेला, म्हणून कागद बदलला. फोनवर तूही गप्प राहतेस आणि मीही, तेव्हा लिहिलेले बरे. पत्राचा फोटो काढून मनोरमा तुझ्या मोबाइलवर पाठवील.

सतीशला जाऊन दोन महिने झाले. आम्ही ठीक आहोत. इथली थंडी म्हणजे सकाळी पंधरा अंश, तेवढ्यावर लोक जाकिटे घालून मिरवतात. हमरिया बंदराजवळच्या आमच्या सुट्या भागांच्या स्टोअरची वर्षअखेरची मोजणी चालू आहे. सहाला निघतो, संध्याकाळी सातला येतो. जप चुकत नाही.

एक सांगतो, काळजी करू नकोस. परवा मनोरमा खिचडीत मीठ घालायला विसरली. मी ताट संपवून हात धुतले. ती जेवायला बसली तेव्हा तिला कळले. आता मी जेवताना ती समोर बसून राहते. मला खरोखरच समजले नव्हते. विमानतळावरून थेट स्मशानात आलो, तेव्हाही डोळ्यांत पाणी आले नाही. धाकटा भाऊ गेला तरी राजाभाऊ खंबीर आहे, असे लोक म्हणाले. मला काही वाटतच नव्हते, हे मी कोणाला सांगितले नाही.

सृष्टीचा अभ्यास कसा चालला आहे? द्राक्षबागेचे काय ठरवलेस तेही कळव.

लोभ आहे, तो उणा होऊ देऊ नये.
राजाभाऊ

दिंडोरी,
२८ डिसेंबर

तीर्थस्वरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

कागद बदलल्याचे सांगितले नसते तरी चालले असते. पण सांगितलेत, ते तुमच्यासारखेच झाले.

सृष्टी बारावीचे पेपर सोडवत बसलेली असते. तिच्या बाबांची खुर्ची तिने आपल्या खोलीत नेली आहे.

बागेचे तुम्ही मला विचारता, पण ठरवायचे तुम्हालाच आहे. सातबाऱ्यावर आता तुमचे नाव आणि आम्हा मायलेकींचे. वाइन कंपनीचा करार जानेवारीअखेर संपतो आणि पुढच्या पाच वर्षांसाठी तुमची सही लागते. सही नसेल तर फेब्रुवारीतला तयार माल ते नेतील, मग वेल उपटून कांदा लावायचा. भावकीतले दोघे येऊन सांगून गेले, की दादा माळकरी माणूस, भावाच्या हट्टापायी तेव्हा सही केली, आता परत कशाला त्यांना बाटवतेस. त्यांना चहा देऊन वाटेला लावले.

मला बाग ठेवायची आहे. छाटणी मला येते आणि फवारणीची वही आठ वर्षे मीच लिहिते आहे. यांच्याकडे फक्त बोलायचे खाते होते.

दुसरे असे, की परवा जिन्याखालची पेटी उघडली. पाच वर्षांपूर्वी बागेला माल लागला, तेव्हापासून कंपनी दर हंगामाला आपल्याला बाटल्या देते, त्यातली दर वर्षी एक यांनी बाजूला ठेवलेली. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या पाच निघाल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर यांच्या अक्षरात साल आणि खाली ‘दादाबरोबर’ एवढेच. मला यातले काही ठाऊक नव्हते.

तुमच्या वेदांगच्या ऑफिसातली मैथिली नाशिकला माहेरी आली आहे. परत जाताना तिच्यासोबत ओला हरभरा, पावटे, गाजरे, बोरे, काळी वांगी, बाजरीचे पीठ आणि त्यातली एक बाटली पाठवते. बाटली शारजात चालत नाही हे माहीत आहे, म्हणून ती दुबईत वेदांगकडेच राहील. यंदा आपल्या घरी सण नाही, तरी भोगीची भाजी करून खा. हरभऱ्याला सुतक नसते.

मनोरमावहिनींना नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.
मृणालिनी

शारजा,
१५ जानेवारी २०२६

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

सामान मिळाले. वांगी कागदात एकेक गुंडाळली होतीस, एकही दबले नाही. तुझ्या वहिनीने भोगीला भाजी केली आणि तीळ लावून भाकऱ्या. डबा स्टोअरवर नेला. आमच्या फोर्कलिफ्टवरच्या अर्सलानने अर्धा खाल्ला आणि सांगितले, की मुलतानला त्याची अम्मी थंडीत असेच गाजर घालते. राजाभाईंनी एवढेसे खाऊन इतके चांगले जेवण वाया घालवू नये, असेही सुनावले. इथे ओला हरभरा मिळतो, पण वहिनीने दुबईतल्या रास अल खोरच्या भाजीबाजारात भाव विचारला तर किलोला पंधरा दिरहॅम. पावणेचारशे रुपये, असे ती मोठ्याने म्हणाली आणि रिकाम्या हाताने परत आली. मी जेवलो. भाजी गरम होती.

तू सामानात घातलेला करारही पोचला. ड्रॉवरमध्ये ठेवला आहे.

आठ वर्षांपूर्वी मी सही केली, पण त्या बागेत पाऊल ठेवले नाही आणि तिथला मणी तोंडात टाकला नाही, हे तू पाहिले आहेस. वेदांगला म्हटले, ती बाटली मित्रांना देऊन खलास कर. त्याने इंग्रजीत उत्तर दिले, की ती देऊन टाकणे त्याच्या हातात नाही.

इकडे मोजणी संपली. चार नट जास्त निघाले.

लोभ ठेवतेसच, ठेवत जा.
राजाभाऊ

दिंडोरी,
२१ जानेवारी

तीर्थस्वरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या नटांचा आकडा कळला, सहीचे कळले नाही.

आज थोडे उद्धट लिहिते, धाकटी म्हणून पोटात घाला. दर पौषात तुम्ही दोन आठवडे येता. हुरडा होतो, चुलीत वांगी भाजून भरीत होते, भाकरी तव्यावरून ताटात पडते. हे बाटली काढायला उठले की तुम्ही ताट उचलून पडवीत जाता. एकदा तर अर्धी भाकरी टाकून गेलात. हे हसायचे आणि दादा आपल्या देवालाही पडवीत गारठवतो म्हणून तुमची चेष्टा करायचे. मग एकटेच बसायचे.

हे दर वेळी दोन पेले मांडायचे. दुसऱ्यात पाणी असायचे. तुम्हाला ते दिसले नाही, कारण तोवर तुम्ही उठलेले असायचे. मीही कधी सांगितले नाही. ती माझी चूक.

बाग काढायची असेल तर तसे लिहा, मी मजूर सांगते. पण ड्रॉवरमध्ये ठेवू नका. घड भरले आहेत. सकाळी दव पडलेले असते तेव्हा मी एकटी फिरून येते.

राग धरू नये, माया धरावी.
मृणालिनी

शारजा,
२६ जानेवारी

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र तीनदा वाचले. रागावलो नाही.

काल रविवारी दुपारी आम्ही दोघे दुबई मरीनाला वेदांगच्या फ्लॅटवर गेलो. एकतिसावा मजला, खाली पाण्यात पांढऱ्या बोटी. वहिनीने तुझी राहिलेली वांगी नेली होती. तिथे गॅस नाही, विजेची शेगडी आहे, म्हणून ती ओव्हनमध्ये भाजली. साल नीट जळेना तेव्हा वेदांगने केकवरची साखर भाजायचे छोटे गॅसचे यंत्र आणून ती जाळली. वहिनी त्याला म्हणाली, की सतीशकाकाने हे पाहिले असते तर तुला बागेत वेल्डिंगला ठेवले असते. मैथिलीही आली होती. ताटात भरीत, भाकरी, ठेचा आणि उरलेली बोरे.

वेदांगने बाटली काढली. चिकटपट्टीवर २०२१ आहे. त्याने स्वतःला एक, मैथिलीला एक आणि सतीशच्या नावाने एक, असे तीन पेले भरले. मी त्याला तुझ्या पत्राबद्दल काही बोललो नव्हतो, वहिनीने सांगितले असेल. त्याने तसल्याच पेल्यात पाणी ओतून माझ्यासमोर ठेवले. उठायचे म्हणून माझा हात ताटाकडे गेला होता. तो परत घेतला.

मैथिली म्हणाली, की थोडी तुरट आहे आणि भरताबरोबर छान लागते. वेदांग इंग्रजीत म्हणाला, की काका यावर तासभर बोलला असता. मी पाणी प्यालो. गळ्यातली माळ गळ्यातच होती, तिला काही झाले नाही. दोन तास बसलो. रडू आले नाही. वाइनचा वासही मला कळला नाही. जळक्या वांग्याचा मात्र थोडा आला, आणि वहिनीला मी मीठ मागितले. तिने हातातली भाकरी खाली ठेवली आणि मीठ दिले.

सही केली आहे. करार आज सकाळी कुरियरने निघाला. रजा चौदा फेब्रुवारीपासून मंजूर आहे, स्टोअर अर्सलान सांभाळेल. तोडणीला पहिला घड मला कापू दे. त्यातला एक मणी मी खाईन.

बाकीच्या चार बाटल्या पेटीतच राहू देत. दर वर्षी एक काढ आणि दुसऱ्या पेल्यात पाणी घाल. मी उठणार नाही.

आजवर केलास तसाच लोभ पुढेही करावा.
राजाभाऊ